लिटल बीच स्ट्रीट बेकरी: नायकापेक्षा गाव सरस

निव्वळ प्रेमकथा म्हणून वाचली तर जेनी कोल्गनची ही कादंबरी (२०१४) ठीकठाक आहे. गावाची गोष्ट म्हणून वाचली तर मात्र झकास.

पॉली वॉटरफोर्डचा प्लिमथमधला ग्राफिक डिझाइनचा धंदा बुडतो. धंद्यातला भागीदार तोच आयुष्यातला जोडीदार, त्यामुळे तेही नातं संपतं. परवडेल अशी भाड्याची जागा शोधत ती इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या किनाऱ्याजवळच्या माउंट पोलबर्न या काल्पनिक बेटावर पोचते. खाली बंद पडलेली बेकरी, वर मोडकळीला आलेलं घर. तिथं बस्तान बसतंय तोच पंख मोडलेलं पफिनचं पिल्लू पदरात पडतं. त्याचं नाव नील. गोंडस पक्ष्याचा मोह लेखिकेला अधूनमधून आवरत नाही, पण नीलमुळे हसायला येतं हे खरं.

बेटाला मुख्य भूमीशी जोडणारी दगडी वाट भरतीच्या वेळी पाण्याखाली जाते. ओहोटी गाठून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत गेलेल्यांना हे वेळापत्रक समजावून सांगायला नको. कोल्गननं ही वाट नुसती देखाव्यासाठी ठेवलेली नाही. पाणी चढलं की पलीकडे जाऊन पाव आणता येत नाही, म्हणून मिसेस मान्सच्या दुकानातला बेचव पाव खपत राहतो. पॉलीच्या घराची मालकीणही हीच बाई. त्यामुळे पॉलीचा घरगुती पाव कोळ्यांच्या हाती जातो तो लपूनछपून. पाव घ्यायचा पण बाईला दुखवायचं नाही, ही गावाची कसरत पुस्तकात सगळ्यात छान उतरली आहे. मिसेस मान्सच्या खडूसपणामागचं कारण समुद्राशी जोडलेलं आहे आणि ते हळूहळूच उलगडतं. या जातीच्या बऱ्याच कादंबऱ्यांत गावकरी नायिकेचं कौतुक करण्यापुरते येतात. इथे प्रत्येकाचं काही ना काही दुसऱ्यावर अडलेलं आहे.

प्रेमाची बाजू त्या मानानं पातळ. हकल हा अमेरिकेतल्या सव्हानाहून आलेला, नोकरी सोडून मधमाश्या पाळणारा देखणा माणूस. शांत, समजूतदार, आणि त्यामुळेच थोडा कंटाळवाणा. टार्नी हा कोळी जास्त जिवंत वाटतो, कारण तो चुकतो. हकलचा श्रीमंत मित्र रूबन धमाल आहे, पण अडचण आली की त्याचा पैसा धावून येतो आणि कथेतला ताण तिथल्या तिथे विरतो. मुखपृष्ठ पाहून केवळ गोडगोड काही अपेक्षित असेल, तर हे सांगायला हवं की एक वादळ येतं आणि त्याची किंमत खरी असते. आजारपणात मन रमवायला पुस्तक शोधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. वादळानंतर गाव सावरतं ती पानं घाईनं उरकलेली नाहीत, हे लेखिकेचं श्रेय.

इंग्रजी सोपं आणि संवाद भरपूर, त्यामुळे इंग्रजी कादंबऱ्यांची सवय नसलेल्यांनाही झेपेल. अडखळायला होतं ते ब्रिटिश बोलीतल्या टोमण्यांत, पण त्यांनी कथा अडत नाही.

शेवटी पाककृती दिल्या आहेत आणि त्या करून पाहाव्यात अशाच आहेत. पण त्या ब्रिटिश स्वयंपाकघरासाठी आहेत. तिथल्या ब्रेडच्या पिठात प्रथिनं साधारण १२ ते १३ टक्के असतात. आपल्या नेहमीच्या मैद्यात त्याहून कमी. तो तेवढं पाणी धरत नाही आणि गोळा चिकट होऊन पसरतो. म्हणून ५०० ग्रॅम मैद्याला लिहिलेल्या पाण्यापैकी ३० मिली बाजूला ठेवावं आणि मळताना लागेल तसं घालावं. दुसरी गडबड फुगवण्यात होते. तिथल्या थंडीत तास-दोन तास लागतात, मुंबईच्या एप्रिलात ४०-५० मिनिटांत पीठ दुप्पट होतं. घड्याळ बघत बसलं तर ते आंबूस होतं आणि भट्टीत गेल्यावर बसतं. बोटानं दाबल्यावर खळगा सावकाश भरून आला की भाजायला घ्यावं. लहान ओटीजीत वरची कांडी जवळ असते, त्यामुळे कवच करपतं आणि आत कच्चं राहतं. जाळी खालच्या खाचेत लावावी. तळाशी टकटक केल्यावर पोकळ आवाज आला की पाव झाला.

याच बेटावर पुढे उन्हाळ्याचा भाग (२०१५) आणि नाताळचा (२०१६) आला. पहिलं पुस्तक स्वतंत्र वाचता येतं. पुढचे दोन मात्र क्रमानंच घ्यावेत, नाहीतर पहिल्याच पानांत मागचे धक्के फुटतात. दुसऱ्या भागात बेकरीची मालकी अडचणीत येते आणि गावकरी पुन्हा कामाला लागतात. हकल अजून तसाच शहाणा आहे.