डिप्लोमसी बोर्डगेम: फासा नाही, पत्ते नाहीत, तरी युद्ध काही टळत नाही

युद्धाचा बोर्डगेम म्हटलं की बहुतेकांना फासे टाकून एकमेकांचं सैन्य उडवायचे गेम आठवतात. डिप्लोमसी त्यातला नाही. इथे नशीब म्हणजे फक्त सुरुवातीला कोणाच्या वाट्याला कुठला देश येतो तेवढंच, त्यानंतर पटावर जे काही होतं ते सगळं समोर बसलेल्या माणसांनीच केलेलं असतं. मोठी मोठी राष्ट्रं लढायची फारशी इच्छा नसतानासुद्धा महायुद्धात कशी ओढली जातात हे ज्याला समजून घ्यायचंय त्याला मी तरी सांगेन की आधी याचा एक डाव खेळ, मग पहिल्या महायुद्धाचा इतिहास वाच, तारखा एकदम वेगळ्या दिसायला लागतात.

थोडी माहिती आधी. अ‍ॅलन कॅलहॅमर नावाच्या अमेरिकन माणसाने हार्वर्डमध्ये शिकत असताना १९५४ च्या सुमारास हा गेम तयार केला आणि १९५९ मध्ये स्वतःच्या खर्चाने ५०० सेट छापून विकले. नंतर हा माणूस पोस्टमन म्हणून नोकरी करत होता, आणि योगायोग असा की त्याचा गेम साठच्या दशकापासून लोक पत्राने खेळायला लागले, एकेक डाव महिनोन्महिने चालायचा. आता ऑनलाइनसुद्धा खेळता येतो, पण त्याबद्दल शेवटी.

पट म्हणजे पहिल्या महायुद्धाआधीचा युरोप. सात देश, इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया-हंगेरी, रशिया आणि तुर्कस्तान. डाव १९०१ च्या वसंतात सुरू होतो. पटावर ३४ सप्लाय सेंटर आहेत, जितकी तुमच्या ताब्यात तितकं सैन्य तुम्हाला ठेवता येतं, आणि १८ झाली की जिंकलात. सैन्य दोनच प्रकारचं, आर्मी म्हणजे पायदळ आणि फ्लीट म्हणजे आरमार, आणि सगळ्यांची ताकद अगदी सारखी, एक म्हणजे एक. रशियाला सुरुवातीला चार मिळतात, बाकीच्यांना तीन तीन. बस्स, एवढं सोपं आहे, नियम अर्ध्या तासात समजतात.

खरी गोम पुढे आहे. ताकद सारखी असल्यामुळे दोन आर्मी एकाच जागी घुसायला गेल्या की कोणीच घुसत नाही, दोघंही जिथल्या तिथे राहतात, खेळणारे याला बाऊन्स म्हणतात. म्हणजे पुढे सरकायचं तर कोणाचातरी सपोर्ट लागतो, म्हणजे शेजारच्या सैन्याने आपली ताकद तुमच्या बाजूने लावायची, आणि सुरुवातीला तीन आर्मी असलेल्या माणसाकडे स्वतःचा सपोर्ट किती असणार, तो शेजाऱ्याकडेच मागावा लागतो. मग प्रत्येक खेळीआधी पंधरा मिनिटं वाटाघाटी, कोणी गॅलरीत, कोणी जिन्यात, कुजबुज कुजबुज, आणि त्यानंतर सातही जण आपापल्या ऑर्डर चिठ्ठीवर गुपचूप लिहितात आणि त्या सगळ्या एकदम उघडल्या जातात. दिलेला शब्द पाळायचं कुठलंही बंधन नाही. करार लिहून सह्या केल्या तरी नियमांच्या दृष्टीने त्याची किंमत शून्य.

आता मी पाहिलेला एक प्रसंग सांगते, कारण हा गेम काय चीज आहे ते त्यातच सगळं आलं. फ्रान्स आणि जर्मनी खेळणारे दोघं चांगले मित्र होते आणि पहिल्याच वाटाघाटीत त्यांचं ठरलं होतं की आपण मिळून इंग्लंड खायचं, बर्गंडी मोकळी ठेवायची, तिथे दोघांपैकी कोणीच जायचं नाही. बर्गंडी म्हणजे पॅरिस आणि म्युनिक यांच्या मधला प्रदेश, तिथे जर्मन आर्मी आली तर पॅरिस आणि मार्सेय दोन्ही धोक्यात, आणि फ्रेंच आर्मी आली तर म्युनिक धोक्यात. चिठ्ठ्या उघडल्या तर फ्रान्सची ऑर्डर पॅरिसहून बर्गंडी आणि जर्मनीची म्युनिकहून बर्गंडी! बाऊन्स झाला, दोघंही जागच्या जागी, आणि मग दोघांचे चेहरे बघण्यासारखे होते. दोघांनी एकमेकांना अगदी एकच कारण दिलं, की मला तुझ्यावर हल्ला करायचा नव्हता रे, पण तू घुसलास तर मी मेलो असतो म्हणून खबरदारी म्हणून लिहिलं. आणि दोघंही खरं बोलत होते, हे मी छातीठोकपणे सांगू शकते कारण तोपर्यंत दोघांनाही बर्गंडीत जाऊन काही मिळवायचं नव्हतंच. पण विश्वास गेला तो गेलाच. पुढच्या खेळीत दोघांच्याही आर्मी बेल्जियमपर्यंत पोचू शकतील अशा जागी नव्हत्या, आणि इंग्लंडने यॉर्कशायरमधली आर्मी नॉर्थ सी मधल्या फ्लीटवरून थेट बेल्जियममध्ये उतरवली, कोणी अडवणारंच नव्हतं. ज्याला खायचं ठरलं होतं तो जाडजूड झाला आणि हे दोघं पुढची चार वर्षं (गेममधली) एकमेकांची डोकी फोडत बसले.

हे बघितल्यावर १९१४ चा जुलै महिना आठवल्याशिवाय राहत नाही. २८ जूनला साराजेवोमध्ये ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला, ५ जुलैला जर्मनीने ऑस्ट्रियाला काय करायचं ते करा आम्ही पाठीशी आहोत असं सांगून टाकलं, २३ तारखेला ऑस्ट्रियाने सर्बियाला ४८ तासांची मुदत देऊन मागण्यांची यादी धाडली आणि २८ तारखेला युद्ध पुकारलं. आता सर्बियाचा पाठीराखा असलेल्या रशियाची पंचाईत, सर्बियाला वाऱ्यावर सोडलं तर बाल्कनमध्ये पत गेली, आणि सैन्य जमवायला घेतलं तर जर्मनी बिथरणार. झारने, म्हणजे रशियाच्या सम्राटाने, २९ जुलैला पूर्ण सैन्य जमवायला मंजुरी दिली, त्याच रात्री कैसरची, म्हणजे जर्मन सम्राटाची, तार आली म्हणून मागे घेतली, आणि ३० ला परराष्ट्रमंत्री साझोनोव्हने गळ घातल्यावर पुन्हा दिली. कैसर विल्हेल्म आणि झार निकोलस हे एकमेकांचे नातेवाईक, या दिवसांत एकमेकांना विली आणि निकी अशा सहीने तारा पाठवत होते, आणि तरीही १ ऑगस्टला जर्मनीने रशियावर युद्ध जाहीर केलंच. ३ तारखेला रशियाचा दोस्त असलेल्या फ्रान्सवर. ४ तारखेला जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसलं, ज्याच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या करारात प्रशियासकट (म्हणजे पुढे ज्याची जर्मनी झाली) सगळ्या बड्या सत्तांनी दिली होती, आणि त्याच दिवशी ब्रिटनही उतरलं. खबरदारी म्हणून लिहिलेल्या ऑर्डर एकामागून एक उघडत गेल्यासारखंच वाटतं मला हे. अर्थात सगळेच बिचारे निष्पाप होते असं अजिबात नाही, ऑस्ट्रियाला सर्बियाला धडा शिकवायचाच होता आणि जर्मनीने तो धोका समजून उमजून घेतला. पण त्यातून चार वर्षांचं महायुद्ध निघेल असा हिशोब कोणाच्याच वहीत नव्हता.

पटाची रचना किती विचार करून केलीय ते खेळता खेळता कळतं. बेल्जियम बरोब्बर तिथे आहे जिथे इंग्लंड, फ्रान्स आणि जर्मनी तिघांचे हात पोचतात. काळ्या समुद्रावर रशिया आणि तुर्कस्तानचे फ्लीट पहिल्या खेळीपासून एकमेकांकडे डोळे वटारून उभे. गॅलिशियावरून ऑस्ट्रिया आणि रशिया यांची कुरबुर ठरलेलीच. आणि सगळ्यात भारी म्हणजे व्हेनिस आणि ट्रिएस्ट, दोन वेगळ्या देशांची स्वतःची सेंटर सुरुवातीपासून एकमेकांना चिकटून असलेली पटावरची ही एकमेव जोडी, त्यामुळे इटली आणि ऑस्ट्रिया कितीही गळ्यात गळे घालून बोलले तरी दोघांनाही शांत झोप नाही. खऱ्या इतिहासात हेच झालं की. इटली १८८२ पासून जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या गटात, १९१४ मध्ये युद्ध पेटल्यावर आम्ही तटस्थ म्हणाली, मग बराच काळ दोन्ही बाजूंशी भाव करत तळ्यात मळ्यात केलं, आणि एप्रिल १९१५ मध्ये लंडनला गुप्त करार करून मे मध्ये ऑस्ट्रियावरच उलटली. गेममध्ये याला स्टॅब म्हणतात. केसाने गळा कापणे म्हणजे काय ते पहिल्यांदा अनुभवाल तेव्हा कळेल, आपला सपोर्ट येणार म्हणून आपण निर्धास्त, आणि चिठ्ठी वाचताना कळतं की तीच आर्मी आपल्याच घरात घुसतेय.

लढाईचा भागसुद्धा दाद देण्यासारखा आहे, आणि याबद्दल लोक कमी बोलतात. दोन गट तुल्यबळ झाले की पटावर एक रेषा तयार होते, दोन्ही बाजूंना एकाला एक सपोर्ट देत रांगेने उभ्या आर्मी, आणि मग कितीही डोकं लढवा ती फुटत नाही. याला स्टेलमेट लाइन म्हणतात आणि जुन्या खेळाडूंना अशा रेषा पाठ असतात. सप्टेंबर १९१४ मध्ये मार्नच्या लढाईत जर्मनांची धडक अडली आणि त्यानंतर स्वित्झर्लंडच्या सीमेपासून नॉर्थ सी पर्यंत खंदकांची जी रेषा पडली ती फोडायला पुढची तीन साडेतीन वर्षं लागली, ते का याचं उत्तर इथे हाताने मोहरे हलवून मिळतं. बचाव करणाऱ्याला सपोर्ट जवळून मिळतो, हल्ला करणाऱ्याला जास्तीची आर्मी आणावी लागते आणि ती कुठूनतरी काढावी लागते.

आता जे नाही त्याबद्दल. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी उणीव म्हणजे इथे वेळापत्रक नाही. १९१४ मध्ये सैन्य जमवणं म्हणजे लाखो माणसं, घोडे, तोफा रेल्वेने ठरलेल्या तासाला ठरलेल्या स्टेशनवर पोचवणं, त्याची आखणी वर्षानुवर्षं केलेली असायची. १ ऑगस्टला कैसरला क्षणभर वाटलं की ब्रिटन आणि फ्रान्स बाहेर राहतील, तर त्याने सेनापती मोल्टकेला सांगितलं की सगळं सैन्य पूर्वेला रशियाकडे वळवा, आणि मोल्टकेने हात वर केले, एवढी मोठी आखणी अशी ऐन वेळी बदलता येत नाही म्हणाला. रशियातही तेच, फक्त ऑस्ट्रियापुरतं सैन्य जमवायला गेलो तर पुढे पूर्ण जमवाजमवीचा बट्ट्याबोळ होईल असं सेनापतींचं म्हणणं होतं. गेममध्ये मात्र तुम्ही शेवटच्या मिनिटाला चिठ्ठी फाडून दुसरी लिहू शकता, त्यामुळे चाक एकदा फिरलं की थांबवता येत नाही ही जी १९१४ ची खरी भीती होती ती इथे अनुभवाला येत नाही.

दुसरं म्हणजे घरचे लोक नाहीत, पेपर नाहीत, पार्लमेंट नाही. ऑगस्ट १९१४ च्या सुरुवातीला ब्रिटनने आपल्याकडे तुर्कस्तानसाठी बांधलेल्या दोन युद्धनौका स्वतःच ठेवून घेतल्या, त्यासाठी तुर्की जनतेने वर्गणी काढली होती, केवढा संताप झाला असेल तिथे, आणि त्याच दिवसांत तुर्कस्तानचा जर्मनीशी गुप्त करार झालेला. असला राग मोजायची सोय या पटावर नाही.

तिसरं मला जास्त टोचतं. नकाशा युरोपचा, कडेला थोडा उत्तर आफ्रिका आणि सीरिया, बास. वसाहती कुठेच नाहीत. पण ते युद्ध लढलं कोणी? दहा लाखांहून जास्त भारतीय समुद्रापलीकडे गेले, मेसोपोटेमियात कूतला सहावी पूना डिव्हिजन वेढ्यात सापडली, उपासमार सोसली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली, त्यातले कितीतरी जण कैदेतच वारले. आणि गेममध्ये आर्मी बाद झाली की तो मोहरा उचलून डब्यात ठेवायचा, पुढच्या हिवाळ्यात तोच परत काढायचा. १ जुलै १९१६ ला सोमच्या लढाईच्या पहिल्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याची १९ हजारांवर माणसं मेली. हा आकडा मी नव्या भिडूंना डावानंतर आवर्जून सांगते.

खेळायच्या दृष्टीने सांगायचं तर सात माणसं हवीतच, सहा जणांत मजा निम्मी होते आणि पाचात तर नकोच. वेळ सहा तास धरा, आठही लागतात. जो लवकर बाद होतो तो उरलेला दिवस नुसता बसून राहतो, हा खरंच मोठा दोष आहे, आणि बहुतेक वेळा तो ऑस्ट्रिया असतो कारण चहूबाजूंनी शेजारी. नवीन माणसाला ऑस्ट्रिया किंवा इटली देऊ नका, इंग्लंड किंवा तुर्कस्तान द्या, कोपऱ्यात असल्यामुळे निदान श्वास घ्यायला वेळ मिळतो. ज्यांना खेळातलं खोटं मनाला लागतं त्यांना आग्रह करू नका, मी नीट विचार करून सांगतेय, चांगल्या मैत्रीत महिनाभर अबोला आलेला बघितलाय. फ्लीटवरून आर्मी नेण्याचे म्हणजे कॉन्व्हॉयचे नियम तेवढे दोनदा वाचा, भांडणं तिथेच होतात.

ऑनलाइन खेळलात तर दिवसाला एक खेळी अशा संथ गतीने घ्या, विचार करायला वेळ मिळतो आणि ऑर्डरचा निकाल कॉम्प्युटर लावतो त्यामुळे वादच नाही. पण चिठ्ठी उघडताना समोरच्याने नजर चुकवली की पोटात जे धस्स होतं ते फक्त टेबलावरच, म्हणून पहिला डाव तरी समोरासमोर बसून खेळा. आणि सुरू करण्याआधी शेवटचं वर्ष ठरवून टाका, १९०८ पुरे, त्या हिवाळ्यात ज्याच्याकडे जास्त सेंटर तो जिंकला. पाचपैकी साडेचार, अर्धा त्या बाद होऊन बसणाऱ्या माणसासाठी कापलाय.