पॉवरप्लांट कोर्स, कम्युनिटी कॉलेज: शॉपसाठी पैकीच्या पैकी, टर्बाइनसाठी निम्मे

अमेरिकेत विमानाचा मेकॅनिक व्हायला दोन वाटा आहेत. हँगरमध्ये कोणाच्या हाताखाली काम करून अनुभव जमवायचा (नुसत्या इंजिनासाठी, म्हणजे पॉवरप्लांटसाठी, १८ महिने, एअरफ्रेम म्हणजे विमानाचा सांगाडाही हवा असेल तर ३०), नाहीतर एफएएची (अमेरिकेचं विमान वाहतूक नियामक खातं) पार्ट १४७ म्हणजे मेकॅनिक शिकवण्याची मान्यता असलेली शाळा गाठायची. मी सिअ‍ॅटलजवळच्या एका सरकारी कम्युनिटी कॉलेजात गेले. जनरल (दोन्हींचा सामाईक पाया) आणि पॉवरप्लांट झालं, एअरफ्रेम बाकी आहे. हे पॉवरप्लांटबद्दल.

खरा कोर्स शॉपमध्ये, म्हणजे कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आहे. लायकोमिंग कंपनीचं छोट्या विमानांचं चार सिलिंडरचं ओ-३२० इंजिन पूर्ण खोलायचं, क्रँकशाफ्टच्या जर्नलची (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागांची) मापं मायक्रोमीटरने घ्यायची, ओव्हरहॉल मॅन्युअलच्या कोष्टकाशी ताडायची आणि खाली सही करायची. सांगलीला वडिलांच्या वर्कशॉपमध्ये डिझेल इंजिनं बघतच मी मोठी झाले, पण तिथे हाताच्या अंदाजावर बरंच निभायचं. इथे लिहिलेला आकडा नसेल तर काम झालंच नाही असं धरतात, आणि तेच बरोबर आहे.

सगळ्यात जास्त शिकवलं ते कॉम्प्रेशन टेस्टने, म्हणजे सिलिंडर हवा किती धरून ठेवतो ते तपासण्याने. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (सगळ्यात वरच्या टोकाला) आणायचा, प्लगच्या भोकातून ८० पीएसआय (दाबाचं एकक) हवा सोडायची आणि दुसऱ्या गेजवर किती टिकते ते बघायचं. एकाने प्रोपेलर घट्ट धरून ठेवायचा, कारण पिस्टन जरा जरी पुढेमागे असला तर हवेच्या दाबाने पातं फिरतं आणि माणूस जखमी होतो. ८० पैकी ७४ टिकलं तर छान. कमी आलं तर कान लावायचा: एक्झॉस्टमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरकडून आली तर इनटेक, ऑइल फिलरमधून आली तर रिंगा. आमचे सर आधी कारण सांगत नाहीत. सगळ्यांचं ऐकून होईपर्यंत गप्प उभे राहतात. असा शिक्षक मिळणं हे भाग्य आहे.

मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारं यंत्र) टायमिंग, सेफ्टी वायरिंग (बोल्ट ढिले होऊ नयेत म्हणून तारेने बांधणं), कार्बोरेटर हेही हाताने करून घेतात. सेफ्टी वायर बोल्ट आवळण्याच्या दिशेनेच ओढली पाहिजे. उलटी दिसली की कापून परत करायला लावतात.

टर्बाइनचा भाग मात्र कमी पडतो. शॉपमधलं जेटी८डी हे जुनं जेट इंजिन बोरोस्कोपने (आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) बघायला उत्तम, पण ते चालू होत नाही. आज एअरलाइनमध्ये जी इंजिनं आहेत त्यांचं फेडेक (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) आम्ही फक्त स्लाइडवर पाहिलं. शिवाय स्वतःचं टूल किट घ्यावं लागतं हे प्रवेशानंतर कळलं. तो खर्च फीच्या कागदावर आधीच छापायला हवा. नोकरी करून शिकणाऱ्या माणसाला अशी रक्कम ऐनवेळी उभी करणं जड जातं.

शेवटी लेखी, तोंडी आणि प्रात्यक्षिक अशा तिन्ही परीक्षा असतात. लेखीला ७० टक्के लागतात. परीक्षकाची फी वेगळी. भारतात परत जाऊन काम करायचं असेल तर डीजीसीएचा (भारताचं विमान वाहतूक नियामक खातं) कार-६६ हा मेकॅनिकचा परवाना लागतो, एफएएच्या सर्टिफिकेटवर तिथे सही करून विमान उड्डाणाला सोडता येत नाही. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

प्रवेश घेण्याआधी शॉप बघायला मागा. टेस्ट स्टँडवर (इंजिन चालवून बघायच्या चौकटीवर) विद्यार्थी स्वतः इंजिन चालू करतात का, एका इंजिनावर किती जण असतात आणि टूल किटची यादी कुठे मिळेल, हे तिथल्या तिथे विचारा.