इंजिन गार होतं का?

६०० डॉलर गेले, त्याचं वाईट वाटणं आता ओसरलंय. पण ज्या चार गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर होत्या आणि तरी मला दिसल्या नाहीत, त्या अजून टोचतात. दर हिवाळ्याच्या तोंडावर आपल्यातलं कुणी ना कुणी जुना स्नो ब्लोअर, म्हणजे बर्फ उचलून लांब फेकणारं यंत्र, शोधत असतं, म्हणून सगळं लिहून काढतेय.

आम्ही टेक्ससमधून सिरॅक्यूजला आलो. न्यूयॉर्क राज्यातलं हे गाव ऑन्टारिओ सरोवराच्या दक्षिणेला आहे. हिवाळ्यात गार वारं त्या अजून न गोठलेल्या पाण्यावरून येतं, वाफ उचलतं आणि काठावर आलं की बर्फ ओततं. ह्यालाच इथं ‘लेक इफेक्ट’ म्हणतात. वर्षाला सरासरी १०० इंचांच्या वर. पहिलं वर्ष आम्ही फावड्यावर काढलं. ड्राइव्हवे, म्हणजे रस्त्यापासून गॅरेजपर्यंतची वाट, दोन गाड्यांच्या रुंदीचा, लांबी ६० फूट. तेवढं एक वेळ जमतं हो, पण आपण घाम गाळून रस्ता मोकळा करावा आणि रस्ता साफ करणाऱ्या प्लाऊ ट्रकने येऊन रस्त्यावरचा सगळा ओला, दगडासारखा बर्फ आपल्याच तोंडाशी लोटून जावं, ह्यानं माणूस खचतो. फेब्रुवारीत नवऱ्याची कंबर धरली आणि यंत्र घ्यायचं ठरलं.

कुठलं घ्यायचं, ह्यात माझी चूक झाली नव्हती. यंत्रं दोन तऱ्हेची, सिंगल स्टेज आणि टू स्टेज. सिंगल स्टेजच्या रबरी पात्या जमिनीला घासून बर्फ उचलतात आणि तिथूनच फेकतात. सहा-आठ इंच भुसभुशीत बर्फाला ते उत्तम, हलकं, कोपऱ्यात मावणारं. पण प्लाऊच्या ढिगासमोर ते उड्या मारत बसतं. टू स्टेजमध्ये पुढचा लोखंडी ऑगर, म्हणजे फिरणारा मळसूत्री दांडा, बर्फ चावून आत ओढतो आणि मागचा पंखा तो वरच्या नळकांड्यातून लांब भिरकावतो. आम्हाला २४ इंच रुंदीचं टू स्टेज हवं होतं. नवीन घ्यायला हजाराच्या वर डॉलर लागत होते. म्हणून जुनं.

जाहिरात डिसेंबरच्या सुरुवातीला दिसली. ‘घर विकलं, फ्लोरिडाला चाललो, दोनच हिवाळे वापरलंय, ६५० डॉलर.’ फ्लोरिडाला जाणाऱ्या माणसाला स्नो ब्लोअर कशाला, हे इतकं पटण्यासारखं होतं की मी पुढचा प्रश्नच विचारला नाही. घर रिकामं केलंय म्हणून भेट एका बंद पडलेल्या दुकानाच्या पार्किंगमध्ये. वेळ त्याची: शनिवारी बरोबर ११. मी आदल्या रात्री ‘साडेदहाला आले तर चालेल का’ विचारलं, तर लगेच उत्तर, ‘नको, ११.’

पोचले तेव्हा यंत्र ट्रेलरवरून उतरवून ठेवलेलं होतं. पार्किंगमध्ये बोटभर बर्फ, आणि मफलरच्या, म्हणजे इंजिनाच्या सायलेन्सरच्या, बाजूला मात्र ताटाएवढा काळा डांबराचा तुकडा उघडा पडलेला. बर्फ वितळून. हे मी पाहिलं. आणि मला काय वाटलं? की वा, बिचाऱ्यानं आपल्यासाठी आधीच सुरू करून बघितलंय.

त्यानं दोरी ओढली, पहिल्याच झटक्यात इंजिन सुरू. चोकचा खटका अर्ध्यावर होता. तो पुढे करायला गेले तर म्हणाला, ‘तिथंच राहू द्या, थंडीत त्याला तसंच आवडतं.’ बजाज स्कूटर तिरकी करून चोक देणाऱ्या घरात मी वाढलेय. तापलेल्या इंजिनाला चोक लागत असेल तर कार्बोरेटर चोंदलाय, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. त्या सकाळी नाही आलं. ऑगरभोवतीच्या पत्र्याला आतून चकचकीत नवा लाल रंग होता. आतून! जिथं बर्फ आणि खडे घासून रंग कधी टिकतच नाही तिथं. मॉडेल आणि सिरियल नंबरची पट्टी हवी त्या जागी नुसती दोन भोकं. ‘पडली असेल कुठंतरी,’ तो म्हणाला. घासाघीस करून ५० डॉलर कमी केले, आणि आपण जिंकलो ह्या आनंदात रोख ६०० मोजून दिले. त्यानं यंत्र गाडीत चढवायलाही मदत केली.

पाचव्या दिवशी लेक इफेक्टचा बर्फ आला. सकाळी सहाला गॅरेज उघडलं तर गुडघाभर. दोरी ओढून ओढून खांदा भरून आला. मग वायर लावून इलेक्ट्रिक स्टार्ट दिला, तेव्हा कसंबसं सुरू झालं, आणि आवाज दम्याच्या पेशंटसारखा वर-खाली, वर-खाली. चोक काढला की बंद. तसंच दामटत मी प्लाऊच्या ढिगाशी आले. आत गोठलेल्या बर्फाचा एक गठ्ठा असावा. ठण्ण झालं. पंखा फिरतोय, ऑगर जागच्या जागी. रागाच्या भरात हात आत घालून गठ्ठा काढायला वाकले होते, तेवढ्यात नवऱ्यानं खिडकीतून ओरडून थांबवलं. इंजिन बंद केलं तरी अडकलेल्या ऑगरमध्ये ताण उरलेला असतो आणि गठ्ठा सुटला की तो गर्रकन फिरू शकतो. बोटं जायला तेवढं पुरतं. आत घालायची ती काठी, हात कधीच नाही.

मेकॅनिकनं ऑगरच्या दांड्यावरचा बोल्ट काढून माझ्या तळहातावर ठेवला. डोक्यावर ६ रेघा. म्हणाला, ह्या रेघा म्हणजे ग्रेड ८, पक्कं पोलाद. तिथं असायला हवी शिअर पिन, मुद्दाम मऊ केलेली, म्हणजे काही अडकलं की पिन तुटते आणि गिअरबॉक्स वाचतो. विजेच्या फ्यूजचं काम. पिना सारख्या तुटतात म्हणून कुणीतरी कधीतरी पक्के बोल्ट ठोकले होते. मग त्यानं गिअरबॉक्स उघडला. काळ्या ग्रीसमध्ये सोन्याचा चुरा कालवावा तसं काहीतरी चमकत होतं. ते पितळी गिअरचे दात. एवढा चुरा एका ठणक्यात पडत नाही, ते आधीपासून झिजत होते, माझ्या गठ्ठ्यानं शेवटचे मोडले. केसिंगला तडाही होता, इपॉक्सीनं बुजवून वर तोच लाल रंग. दुरुस्तीचा अंदाज ४००च्या वर, तोही पार्ट मिळाले तर. कारण नंबरची पट्टी नसल्यानं नेमकं मॉडेल कळेना. आणि पट्टी उपटलेली म्हणजे माल चोरीचाही असू शकतो, हे त्यानं शांतपणे सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

विकणाऱ्याला मेसेज केला. ‘तुम्ही बघून घेतलंत,’ एवढं एक उत्तर आलं, संध्याकाळपर्यंत खातंच गायब. पोलिसांनी ऐकून घेतलं, नोंद केली, आणि व्यवहाराचं भांडण दिवाणी आहे म्हणाले. छोट्या रकमांच्या कोर्टात जाता येतं, पण नोटीस कुणाच्या नावानं, कुठल्या पत्त्यावर काढणार? माझ्याकडे होती ती बंद दुकानाची पार्किंग. ट्रेलरच्या नंबर प्लेटचा साधा फोटोही नव्हता.

रविवारी कोल्हापूरला व्हिडिओ कॉल लावला. बाबांनी आयुष्यात नवी गाडी घेतली नाही. ट्रॅक्टर, मोटरसायकली, सगळं जुनंच. मी सगळी कहाणी सांगितली, पितळी चुऱ्याचं तर रंगवून सांगितलं. ते पानाला चुना लावत ऐकत होते. एकच विचारलं, ‘इंजिन गार होतं का गं, तू गेलीस तवा?’ मी गप्प. ‘अगं, जुनी गाडी बघाय जायचं तर सांगितलेल्या टायमाच्या अर्धा तास आधी जायचं. तापवून ठेवलेलं इंजिन कुणाचंबी सुरू होतंय.’

उरलेला हिवाळा बर्फ काढणाऱ्या ट्रकवाल्याला पैसे देऊन काढला. ते यंत्र मेकॅनिकनंच भंगारात नेलं. बोल्ट तेवढा मी मागून घेतला.

मार्चमध्ये पलीकडच्या गल्लीतल्या एका आजींनी यजमानांचं यंत्र विकायला काढलं. त्यांच्याच घरी, त्यांच्याच गॅरेजमध्ये. मी अर्धा तास आधी गेले. हाताची पाठ आधी मफलरजवळ नेली, मग टेकवली. बर्फासारखा गार. पत्र्याचा रंग आतून पार खरवडलेला, नंबरची पट्टी जागेवर. पाना मागून दोन्ही पिना काढून बघितल्या आणि परत लावल्या. इंजिन बंद असताना ऑगर हातमोज्यानं हलवून पाहिला, फार ढिला नव्हता. आजी म्हणाल्या, ‘उन्हाळाभर पेट्रोल तसंच राहिलं होतं, ह्या वर्षी सुरू व्हायला कुरकुर करतं, आधीच सांगते.’ इथल्या पेट्रोलमध्ये बहुधा १० टक्के इथेनॉल असतं, ते महिनोन्‌महिने पडून राहिलं की कार्बोरेटरमध्ये चिकटा धरतं. साफ करायला फार खर्च नाही.

पूर्ण चोक दिला. सातव्या ओढीला इंजिननं धरलं. दोन मिनिटं तापू दिलं, हळूहळू चोक काढला, आणि ते चालूच राहिलं. मग मी पाकीट काढलं.