जतच्या वर्गासाठी द्विभाषिक गोष्टीचे पुस्तक: स्टोरीवीव्हर आणि सांगलीतील एका झेरॉक्सच्या दुकानाचा अनुभव

जत तालुक्यातील एका मराठी शाळेत मी दुसरीला शिकवते. वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी कन्नड बोलतात आणि शाळेत येईपर्यंत मराठी त्यांच्या कानावर पडते ती बाजारात किंवा टीव्हीवर. डाव्या पानावर मराठी आणि उजव्या पानावर तीच गोष्ट कन्नडमध्ये, असे पुस्तक मी सांगली-मिरजेच्या दुकानांतून पुष्कळ शोधले. त्यातही अडचण अशी की ही मुले कन्नड बोलतात, पण वाचता येते ती देवनागरी. म्हणजे मला कन्नड हवी होती ती देवनागरी अक्षरांत. सीमेवरच्या मूठभर गावांसाठी असे पुस्तक कोणता प्रकाशक काढील? शेवटी ते मीच तयार केले. ज्या सेवेमुळे ते जमले तिच्याविषयी आणि ज्या दुकानात ते छापले त्याविषयी हे लिहीत आहे.

सेवा म्हणजे स्टोरीवीव्हर हे गोष्टींचे संकेतस्थळ. प्रथम बुक्स या ना-नफा प्रकाशन संस्थेने २०१५ साली ती सुरू केली. तीनशेंहून अधिक भाषांतील चित्रकथा तेथे आहेत आणि त्या चार वाचनपातळ्यांत विभागलेल्या आहेत. पहिल्या पातळीची गोष्ट साधारण अडीचशे शब्दांच्या आत असते, दुसरी सहाशेपर्यंत जाते. दुसरीच्या वर्गाला पहिली पातळी पुरते. नाव नोंदवून आत गेले की पीडीएफ उतरवून घेता येते आणि त्याचे पैसे पडत नाहीत.

मात्र फुकट मिळते म्हणून मी या सेवेचे कौतुक करीत नाही. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफही आपण सगळे शिक्षक फुकटच उतरवून घेतो. पण त्या पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर पाहिले तर सर्व हक्क पाठ्यपुस्तक मंडळाकडे राखीव आहेत आणि संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय त्यातील कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही, असे छापलेले असते. वाचायला मोकळीक आहे, हात लावायला नाही. स्टोरीवीव्हरवर मी निवडलेली गोष्ट क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे निर्मात्याने इतरांना वापराची मुभा आधीच देऊन ठेवण्यासाठीच्या तयार परवान्यांपैकी, ‘सीसी बाय ४.०’ या परवान्याखाली होती. या परवान्याने गोष्ट छापता येते, भाषांतरित करता येते, बदलता येते, इतकेच काय, विकताही येते. त्याबदल्यात मूळ लेखक-चित्रकारांची नावे द्यायची, परवान्याचा उल्लेख करायचा आणि आपण काही बदलले असल्यास तसे सांगायचे. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांत ‘एनडी’ हे अक्षर जोडलेलेही काही प्रकार आहेत. त्यांत बदललेली प्रत दुसऱ्यांना देता येत नाही, आणि भाषांतर हाही बदलच धरला जातो. माझ्यासारख्यांनी तेवढे एक अक्षर आधी तपासावे.

गोष्ट निघाली दक्षिण आफ्रिकेतील. केपटाउनचा ‘बुक डॅश’ नावाचा गट २०१४ पासून अशी पुस्तके करतो: लेखक, चित्रकार आणि मांडणीकार स्वेच्छेने एकत्र बसतात आणि सुमारे बारा तासांत एक पूर्ण पुस्तक हातावेगळे करतात. खुल्या, म्हणजे कोणालाही वापरता-बदलता येणाऱ्या, शिक्षणसाहित्याचा जाहीरनामाही ज्या बैठकीतून आला ती २००७ मध्ये केपटाउनलाच भरली होती, त्यामुळे त्या शहराला या कामाची जुनी सवय असावी, असे मला आपले वाटते. पुढे युनेस्कोच्या सदस्य देशांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये खुल्या शैक्षणिक साधनांविषयीची शिफारस स्वीकारली. आमच्या गावापर्यंत मात्र शिफारस पोहोचली नाही, गोष्ट पोहोचली. आणि ती आणली तिचे मराठी व कन्नड भाषांतर करणाऱ्या दोन अनोळखी माणसांनी.

आमच्या शाळेतील कन्नड जाणणाऱ्या एका गुरुजींनी कन्नड मजकूर देवनागरीत उतरवून दिला. कन्नडमधील ऱ्हस्व आणि दीर्घ ए यांना आपल्याकडे एकच मात्रा आहे, पण मुलांच्या कानाला शब्द माहीत असल्याने वाचताना अडले नाही. ज्या आया कन्नड शाळेत शिकल्या आहेत त्यांच्यासाठी मूळ लिपीतील ओळ खाली बारीक अक्षरांत ठेवली. एक कच्ची प्रत काढून वर्गात वाचायला दिली, तेव्हा खरी गंमत झाली. डाव्या पानावर ‘मळे हिरवे झाले’ असे वाक्य होते आणि उजव्या पानावर पावसासाठीचा कन्नड शब्द होता, तोही ‘मळे’. घरच्या बोलीत त्याचे ‘मळी’ होते, तरी शब्द ओळखीचाच. एका मुलीने उभे राहून विचारले, “बाई, पाऊस हिरवा कसा होतो?” मी डावीकडचे ‘मळे’ काढून ‘शेते’ केले. शेवटच्या पानावर मूळ श्रेयनामावलीखाली दोन ओळी लिहिल्या: कन्नड मजकूर देवनागरीत आणला आहे, मराठीतील एक शब्द बदलला आहे. एका वर्गासाठी एक शब्द बदलण्याची मुभा मला या सेवेत सर्वांत मोलाची वाटली.

छपाईसाठी सांगलीला गेले. दुकानदाराने आधी हात आखडला. “पुस्तकाचं काम घेत नाही मॅडम, कॉपीराइटचं लफडं होतंय,” असे तो म्हणाला, आणि ही सावधगिरी मला आवडली. परवान्याची ओळ दाखवल्यावर त्याने काम घेतले. सोळा पानी पुस्तक चार ए-फोर कागदांत, पाठपोट छापून, दुमडून, मधोमध पिना मारून. रंगीत पाच प्रती प्रत्येकी ८० रुपये, काळ्या-पांढऱ्या पंचवीस प्रती प्रत्येकी १६ रुपये, पिनांचे प्रतीमागे दोन; एकूण ८६० रुपये. दुमड सरळ होती आणि पाने पुढेमागे झाली नव्हती. एवढ्या दरात याहून चांगले काम मी पाहिलेले नाही.

गठ्ठा सोडला तेव्हा शेवटच्या पानावर श्रेयनामावलीच्या जागी त्याच्याच दुकानाची जाहिरात, लॅमिनेशनच्या दरांसह. “त्या पानावर गोष्ट कुठं होती? नुसती बारीक अक्षरं होती,” हे त्याचे उत्तर. जाहिरातीला या परवान्याची हरकत नाही, पण ती बारीक अक्षरे काढली की तीस प्रती वाटण्याचा माझा हक्कच संपतो. सुदैवाने परवान्याच्या २०१३ च्या ४.० आवृत्तीत अशी सोय आहे की चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केली तर हक्क आपोआप परत मिळतो. आधीच्या आवृत्त्यांत ही सवलत नव्हती. दुकानदाराने कुरकुर न करता स्टिकरच्या कागदावर श्रेयनामावली फुकट छापून दिली आणि मी ती जाहिरातीवर चिकटवली. लॅमिनेशनचे दर मागून अजूनही अंधूक दिसतात.

दोन सूचना. कोणालाही भाषांतर करण्याची मुभा असलेल्या साहित्याची भाषा एकसारखी नसते, म्हणून वर्गात नेण्यापूर्वी संपूर्ण गोष्ट मोठ्याने वाचून पाहावी. आणि काळ्या-पांढऱ्या छपाईसाठी गडद पार्श्वभूमीची चित्रे असलेली गोष्ट घेऊ नये. आमच्या पुस्तकातील रात्रीचे पान पंचवीस प्रतींत नुसते काळे आले आहे आणि त्यातला कुत्रा कुठे आहे ते मुले बोटाने शोधत बसतात.