ब्रिटन आणि फ्रान्स : मुस्लिम अल्पसंख्याकांचे दोन अनुभव

दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांना मजूर हवे होते, म्हणून दोन्ही देशांनी आपल्या आजी-माजी वसाहतींकडे पाहिले. ब्रिटनमध्ये पाकव्याप्त काश्मीरमधील मीरपूर आणि आजच्या बांगलादेशातील सिल्हेटहून, तर फ्रान्समध्ये प्रामुख्याने अल्जीरिया, मोरोक्को व ट्युनिशियातून माणसे आली. राष्ट्रकुलातून ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्यांना मतदानाचा हक्क होता, त्यामुळे स्थानिक राजकारणात त्यांचा शिरकाव लवकर झाला आणि १९८५ मध्ये मोहम्मद अजीब इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड शहराचे महापौर झाले. फ्रान्समधील अल्जीरियनांच्या वाट्याला मात्र अल्जीरियाच्या फ्रान्सविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाची सावली आली. १७ ऑक्टोबर १९६१ रोजी, फक्त अल्जीरियनांवरच लादलेल्या संचारबंदीच्या निषेधार्थ पॅरिसमध्ये निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी अमानुष हल्ला केला, कित्येकांना ठार मारले, काहींना सेन नदीत फेकले. आणि हे सत्य अनेक दशके दडपले गेले, ही मला त्या हत्याकांडाइतकीच गंभीर गोष्ट वाटते.

कायद्यातही दोन वाटा दिसतात. १९०५ च्या धर्म-राज्य विभक्ततेचा वारसा सांगणाऱ्या फ्रान्सने २००४ मध्ये सरकारी शाळांतून हिजाबसह ठळक धार्मिक चिन्हे हद्दपार केली. तेथील जनगणना धर्म विचारत नाही, त्यामुळे भेदभाव मोजणेही अवघड होते. इंग्लंडच्या जनगणनेत २००१ पासून हा ऐच्छिक प्रश्न आहे, आणि माझ्या मते ही पद्धत अधिक प्रामाणिक आहे. तरीही ब्रिटनच्या १९७६ च्या वंशसंबंध कायद्याने शीख व ज्यू यांना वांशिक गट म्हणून संरक्षण दिले, मुस्लिमांना नाही. नोकरीतील धार्मिक भेदभावाविरुद्धचे नियम तेथे २००३ मध्ये आले.