एआरटी केंद्रातील क्षयतपासणी: एका नातेवाइकाचा अभिप्राय

माझे मेहुणे एचआयव्हीबाधित आहेत. गेल्या वर्षी त्यांना रोज संध्याकाळी ताप येई आणि वजनही घटत होते. मात्र खोकला जवळजवळ नव्हता. एका खासगी दवाखान्यात छातीचा एक्स-रे स्वच्छ आणि थुंकी निगेटिव्ह आल्याने क्षयाची शंका सोडून देण्यात आली, आणि त्यात महत्त्वाचे दिवस गेले.

कोल्हापुरातील सरकारी एआरटी केंद्रात (एचआयव्हीवरील औषधोपचाराच्या केंद्रात) मात्र पहिल्याच भेटीत खोकला, ताप, वजन घटणे व रात्रीचा घाम हे चारही प्रश्न विचारले गेले. सीडी४ पेशी (एचआयव्हीमुळे घटणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) फार कमी झाल्या की क्षयात फुफ्फुसात सहसा पोकळी पडत नाही, थुंकीत जंतू कमी सापडतात आणि आजार अनेकदा लसिकाग्रंथी, पोट किंवा मेंदूच्या आवरणात शिरतो, हे तेथील डॉक्टरांनी आम्हाला न कंटाळता समजावले. मानेतील गाठीतून घेतलेल्या नमुन्याच्या सीबीनॅट तपासणीत (क्षयजंतूंची जनुकीय तपासणी) क्षयाचे निदान झाले. रिफाम्पिसिन या क्षयाच्या औषधामुळे डोल्युटेग्राविर ही एचआयव्हीवरील गोळी दिवसातून दोनदा घ्यावी लागते, हेही समुपदेशिकेने लिहून दिले. रांग मोठी असते, बसायला जागा अपुरी. तरीही मी या केंद्राची मनापासून शिफारस करतो.