पापणीचा आत वळलेला केस काढायचा चिमटा: कोणता घ्यावा, कोणता नको

डोळ्यात सारखं काहीतरी खुपतंय, पाणी येतंय, पण आरशात पाहिलं तर काहीच दिसत नाही. अशा कित्येकांच्या पापणीच्या कडेला एखाददुसरा केस बुबुळाकडे वळलेला निघतो. डॉक्टर तो उपटून देतात, बरं वाटतं, आणि सहा-आठ आठवड्यांत तोच केस परत उगवतो. अशा वेळी मोजकेच केस असतील, तर घरच्या एखाद्या माणसाला ते काढायला शिकून घेण्याचा सल्ला डॉक्टर कधीकधी देतात. तसा सल्ला मिळाला असेल तरच पुढचं वाचून खरेदी करा.

बाजारात तीन प्रकारचे चिमटे मिळतात. त्यातला एकच या कामाचा आहे.

सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानातला तिरक्या टोकाचा चिमटा भुवयांसाठी असतो. त्याची दोन्ही टोकं एका बारीक धारेवर मिटतात. भुवईचा राठ केस तिथे पकडला जातो, पण पापणीचा आत वळलेला केस बऱ्याचदा लोकरीच्या तंतूसारखा बारीक आणि फिकट असतो. तो धारेवर तुटतो, आणि तुटलेला केस न काढलेल्या केसापेक्षा वाईट. लांब केस लवचिक असतो, बुबुळावर लोळतो. तुटून उरलेला खुंट ताठ असतो, प्रत्येक उघडझापीला तो एकाच जागी घासतो. तिथे ओरखडा पडतो, ओरखड्यातून जंतू शिरले तर व्रण होतो, आणि व्रण भरला तरी फूल पडून नजर कायमची कमी होऊ शकते. म्हणून हा चिमटा या कामाला नकोच.

दुसरा सुईसारख्या टोकाचा, ज्वेलर्स फोर्सेप्स म्हणतात तो. पकड उत्तम, नुकताच उगवलेला केसही सुटत नाही. डॉक्टर तो स्लिट लॅम्पखाली (डोळे तपासायच्या यंत्राखाली), भिंगातून बघत वापरतात. घरी मात्र समोरच्याने अचानक डोळा हलवला तर टोक बुबुळात जाईल. तोही नको.

तिसरा सिलिया फोर्सेप्स, खास पापणीच्या केसांसाठी केलेला. लांबी साधारण ९ ते १० सेंटिमीटर, टोकं बोथट आणि गोलसर, आतली बाजू सपाट आणि गुळगुळीत. केस धारेवर न पकडता सपाट जागेत दाबला जातो, म्हणून तुटत नाही. आतून दाते पाडलेला प्रकार दाखवला तर परत करा, बारीक केस दातांच्या खाचेतून निसटतो. सर्जिकल सामानाच्या दुकानात (मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजूला शोधा) भारतीय बनावटीचा स्टेनलेस स्टीलचा काहीशे रुपयांत मिळतो. टायटेनियमचा हलका असतो, गंजत नाही, पण घरच्या वापरासाठी तेवढे पैसे घालायची गरज नाही.

पैसे देण्याआधी दुकानातच दोन गोष्टी बघा. चिमटा हलकेच मिटून उजेडासमोर धरा. टोकांमधून फट दिसली तर तो बाजूला ठेवा. मग कंगव्यातला एक केस त्यात धरून दुसऱ्या हाताने ओढा. निसटला तर टोकं जुळत नाहीत, तुटला तर कडा घासून गुळगुळीत केलेल्या नाहीत. जोर लावून दाबू नका, जास्त दाबलं की मागचा भाग टेकतो आणि तोंड उलट फाकतं. अनेकांना चिमटा खराब वाटतो तो याच कारणाने. एकदा फरशीवर पडलेला चिमटा पुन्हा याच परीक्षेला लावा. टोकाला रबरी टोपी हवीच.

वापरताना ज्याचा केस काढायचा त्याला उशीवर आडवं करा. स्वतःचा स्वतः आरशात बघून काढायचा नाही. हात साबणाने धुवा, चिमटा १० मिनिटं उकळून कोरडा करा. स्पिरिटने पुसला तर ते पूर्ण उडू द्या, नाहीतर डोळा चरचरतो. उजेड बाजूने घ्या, डोक्याला लावायचं दोन-तीन पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. वरच्या पापणीसाठी खाली बघायला सांगा आणि पापणी अंगठ्याने भुवईच्या हाडावर टेकवून उचला. खालच्या पापणीसाठी वर बघायला सांगा. चिमटा समोरून नव्हे, बाजूने आणा, पापणीच्या कडेला समांतर. केस अगदी मुळाशी धरा आणि ज्या दिशेला तो उगवलाय त्याच दिशेने एका दमात ओढा. आडवा ओढला की तुटला.

काढलेला केस पांढऱ्या कागदावर ठेवून भिंगातून बघा. एका टोकाला फिकट, किंचित फुगीर मूळ दिसलं तर पूर्ण आला. टोक सरळ कापल्यासारखं दिसलं तर खुंट आत राहिलाय. खोदत बसू नका, डॉक्टरांकडे जा. सरळ उगवलेल्या केसांना हात लावू नका.

या चिमट्याची मर्यादाही ओळखून असा. तो मूळ मारत नाही, त्यामुळे दर सहा-आठ आठवड्यांची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी लागते. ही पद्धत अगदीच कच्ची नाही. खुपऱ्यांमुळे (ट्रॅकोमा, पापणीच्या आतल्या बाजूचा जंतुसंसर्ग) केस आत वळलेल्या, सहापेक्षा कमी केस असलेल्या १३०० रुग्णांवर इथिओपियात याचा अभ्यास झाला. त्यात एका गटाला चिमटा देऊन शिकवलं होतं, दुसऱ्या गटावर शस्त्रक्रिया केली होती. चिमट्याच्या गटात केस परत येण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेपेक्षा जास्त राहिलं, पण दोन वर्षांत नजरेत दोन्ही गटांत फरक पडला नाही.

केसांची अख्खी रांग आत असेल, किंवा म्हातारपणी खालची पापणीच आत दुमडली असेल, तर चिमट्याचे पैसे वाया जातील. दुमडलेल्या पापणीला शस्त्रक्रिया लागते. तोवर मायक्रोपोर टेप (जखमेवर लावायची कागदी चिकटपट्टी) पापणीच्या कडेजवळ लावून खाली गालाकडे ओढून चिकटवली की तात्पुरता आराम पडतो. केसाचं मूळ विजेने जाळण्यासाठी इलेक्ट्रोलिसिस आहे, मोजक्या केसांना चांगलं, पण एका बैठकीत सगळे मरतीलच असं नाही. गोठवण्याच्या उपचारात सावळ्या त्वचेवर पांढरे डाग पडू शकतात, हे आधी विचारून घ्या. लहान मुलांच्या डोळ्यांशी घरी काहीही करू नका.

डोळा लाल होऊन ठणकत असेल, उजेड सहन होत नसेल, बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल किंवा नजर धूसर झाली असेल तर चिमटा बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडचे थेंब स्वतःहून आणून घालू नका. पापणीच्या एकाच जागी गाठ येऊन तिथले केस गळत असतील तर तीही दाखवा, ती कर्करोगाची असू शकते.

साध्या तपासणीची वेळ घेतली असेल, आणि डोळा शांत असेल, तर आधीचे काही आठवडे केस उपटू नका. उपटून गेलात तर कुठला केस वळलाय ते डॉक्टरांना दिसणारच नाही.